चापाभोवतीचं कडं

बर्न्लीबाहेरच्या बंद सूतगिरणीत शूटिंग.
छपरातली कबुतरं नेमकी संवादाच्या मधे बोलतात
आणि साउंडवाला कपाळाला हात लावतो.
पडद्यावर साल अठराशे सत्त्याऐंशी.
माझ्या वहीत आजची तारीख,
किती हत्यारं निघाली, किती परत आली.

हत्यारं सहा.
दुनळ्या दोन, एक खरी आणि एक रबराची,
कारण पैजेचे पैसे सांभाळणारा जिन्यावरून गडगडतो
आणि खऱ्या लाकडानं खरे दात पडतात.
तीन शिकारी बंदुका नुसत्या भिंतीवर टांगायला,
नळ्यांत शिसं ओतून मुक्या केलेल्या.
आणि एक बुलडॉग,
सट्टेवाल्याच्या खिशात घड्याळाशेजारी मावणारं
आखूड नळीचं रिव्हॉल्वर.

रोज सकाळी ते उघडून सगळ्यांना दाखवते.
पाच भोकं. पाचांतून उजेड.
"रिकामं," मी म्हणते.
"रिकामं," सगळे म्हणतात,
देवळात म्हणावं तसं, थोडं झोपेत.

मग दिवसभर मारामारी.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
इथे उघडीवर वीस गिन्यांची बोली.
ठोशाचा आवाज नंतर भरतील,
ओल्या टॉवेलात कोबी गुंडाळून.

शेवटचा प्रसंग असा:
एक्केचाळीस फेऱ्यांनंतर विणकर जेमला कळतं
की लढत आधीच विकली गेली होती.
तो टेबलावरचं बुलडॉग उचलतो. एक गोळी. अंधार.

इमोजेननं अडीच तास बसून त्याचा हात केला होता,
बटाट्यासारखी बोटांची पेरं,
करंगळी भलत्याच दिशेला.
कॅमेरा सुरू.
रोनन टूहीनं रिव्हॉल्वर उचललं
आणि बोट चापापर्यंत जाईना.
कड्याच्या तोंडाशी, नखापाशीच अडलं.
पुन्हा. पुन्हा अडलं.
कुणीतरी हसलं, मग कुणीच नाही.

हॅलम म्हणाला, "कडं कापून टाक. कानस आहे ना?"
मी म्हटलं, हे रॉचडेलच्या एका म्हाताऱ्याचं आहे,
लोकरी मोज्यात ठेवतो तो, मला मोज्यासकट परत द्यायचंय.
"मग बोटं बारीक करा."
इमोजेन म्हणाली, एक्केचाळीस फेऱ्या तुम्ही लिहिल्यात,
हात मी नाही वाढवला.

तेव्हा मला एझ्रा आठवला, माझा आजोबा.
रविवारी कालव्यामागे उघड्या मुठींनी लढायचा.
सदऱ्याची बटणं आजी लावायची,
तो मान वर करून उभा, शाळेतल्या पोरासारखा.
युद्धात गेला तेव्हा बंदूक हातात दिली
आणि परत घेतली. बोट आत जाईना.
त्याला खेचरं दिली.
चार वर्षं खेचरं हाकून तो घरी आला;
ज्यांची बोटं सडपातळ होती
त्यांची नावं चौकातल्या दगडावर आहेत.

हे मी बोलले की नाही, आठवत नाही.
बोलले असेन. कबुतरंसुद्धा गप्प होती.

रोननला कुणी सांगितलं नव्हतं, कॅमेरा मात्र चालू होता.
त्यानं उजव्या हातानं पाहिलं, मग डाव्या.
मग हाताकडेच पाहत राहिला,
उसन्या आणलेल्या वस्तूकडे पाहावं तसा.
रिव्हॉल्वर गिन्यांच्या ढिगावर ठेवलं.
मरायला तयार बसलेल्या सट्टेवाल्याला
आता काय करावं सुचेना;
त्यानं सावकाश कोटाची बटणं लावली,
एकेक, अगदी गळ्यापर्यंत.

हॅलमनं "कट" म्हणायला खूप वेळ घेतला.

वहीत लिहिलं: निघालं एक, झाडल्या शून्य, परत एक.
न वापरलेलं ब्लँक माझ्या खिशात गार.
दिवे उतरवत होते, मी एकटीच होते खोलीत,
आणि जे कुणालाही करू देत नाही ते केलं:
कड्यात बोट घातलं.
सहज गेलं.
अंगठीसारखंही अडलं नाही.

मी ते घाईनं उघडलं. पाच भोकं.
"रिकामं," मी म्हणाले.
उत्तर द्यायला कुणी नव्हतं.