शिक्का पडल्यानंतर

पासपोर्टवर शिक्का पडला तेव्हाचा आवाज
माझ्या ओळखीचा होता.
एकतीस वर्षं मीही तोच आवाज काढला
चकाल्याच्या टपाल कचेरीत, खिडकी क्रमांक तीनला,
दिवसाला चारशे-साडेचारशे वेळा.
शाई जरा फिकी वाटली. बोलले नाही.

आता कागदोपत्री मी देशाबाहेर आहे.
प्रत्यक्षात बहात्तर क्रमांकाच्या गेटशी.
काचेपलीकडे धावपट्टी, तिच्यापलीकडे टेकडीवर चढलेली घरं,
निळ्या ताडपत्र्या,
आणि रात्री दीड वाजता कुणीतरी पत्र्यावरची चादर काढतंय.
माझं घर इथून रिक्षाने एकवीस मिनिटं.
परत जाता येत नाही, पुढे जाता येत नाही.
अशा पत्राला आम्ही म्हणायचो 'पिशवीतलं':
पाठवणाऱ्याचं राहिलेलं नाही,
घेणाऱ्याचं झालेलं नाही.

फलकावर दोन चाळीस होते. मग चार पंधरा झाले.
मग आकडेच गेले, नुसता शब्द राहिला,
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, आळीपाळीने,
जणू उशीर तीनदा झाला.

बुडापेस्ट. दोह्याला बदलून.
लोक विचारतात, मुलगी असते का तिथे? मुलगा?
कुणी नसतं.
आठवीत असताना वडिलांच्या साहेबाने एक तिकीट दिलं होतं,
त्रिकोणी, लाल शेपटीचा पक्षी, खाली 'माग्यार पोस्टा'.
माग्यार नावाचा देश मी नकाशात दोन वर्षं शोधला.
सापडला नाही, म्हणून लक्षात राहिला.
निवृत्तीचे पैसे आले तेव्हा भाऊ म्हणाला, चारधाम कर.
म्हटलं, करीन. आधी हे.

शेजारी दापोलीकडचा मुलगा, इम्तियाज परकार,
दोह्याला एसीच्या डक्टचं काम. त्याचाही पहिलाच शिक्का.
"मावशी, उशिरा पोचलो तर पगार कापतील?"
मला काय माहीत. तरी म्हटलं, नाही कापत.
थालीपिठं अर्धी त्याला दिली,
त्याने आईच्या हातचं सांदण.
मग पिशवी माझ्या पायाशी ठेवून तो झोपला,
तोंड उघडं टाकून.

साडेचारला लोक काउंटरवर चढून गेले.
कुणी वकिलाचा नंबर दाखवत होतं, कुणी रडणारं मूल.
मीही उठले. दोह्याचं पुढचं विमान चुकणार,
बुडापेस्टचं पहिल्या रात्रीचं भाडं बुडणार
(भाऊ म्हणाला असता, नावातच आहे).
वाक्यं रचून ठेवली होती, जरा जहाल.

काउंटरमागची मुलगी, बिल्ल्यावर 'तन्वी नाखवा',
वर न बघता म्हणाली,
"येईल मॅडम, विमान वाटेत आहे."

आणि मला सावे आठवले.
पंच्याण्णव साल. रोज साडेअकराला यायचे,
मस्कतहून मुलाचं रजिस्टर यायचं होतं.
छत्री खिडकीला टेकवायचे. तीन आठवडे.
मी वर न बघता सांगायचे, येईल, वाटेत आहे.
मग यायचे थांबले.
पत्र आलं की नाही, मी कधी पाहिलं नाही.

रचलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे.
म्हटलं, "पाणी प्यालीस का गं?"
तिने वर पाहिलं.
काजळ डोळ्याखाली उतरलं होतं,
घाईत शिक्का वाकडा पडतो ना, तसं.
"संध्याकाळपासून नाही," म्हणाली
आणि स्वतःच दचकली.
मी बाटली पुढे केली. मागून कुणी ओरडलं, "ओ मॅडम, लाईन आहे!"
आम्ही दोघी एकदमच म्हणालो,
"थांबा जरा."

परत जागेवर आले. इम्तियाज घोरत होता.
टेकडीवर नळ आले असावेत,
एकेक दिवा लागत होता, बादल्या घेऊन माणसं खाली उतरत होती.
पाच दहा झाले होते.
दुसरं काही सुचेना, म्हणून मनगटावरचं घड्याळ
बुडापेस्टच्या वेळेला लावलं, साडेतीन तास मागे.
एक चाळीस.
विमान सुटायला अजून
तासभर होता.