शंभर गळ, नव्व्याण्णव रुपये

मोबाइलवर मागवले. तिसऱ्या दिवशी
पोरानं दारात आणून टाकले.
खोटं कशाला बोलू, गळ चांगले निघाले.
नाथसागराच्या फुगवट्यात पहिल्याच सकाळी
वाम लागली, मनगटाएवढी जाड.

फक्त आता पैठणच्या त्या बोळातून जाताना
मी झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं चालतो,
मान मोबाइलात.
समोर दस्तगीरभाई. एका दाराचं दुकान,
बरणीत शिसं, खिळ्याला तंगूस,
बिस्किटांच्या डब्यात नंबरवार गळ,
आन् पाण्यावर उभ्या राहणाऱ्या मोरपिसाच्या काड्या,
त्यानंच तासलेल्या, मेणात बुडवलेल्या.
तीन गळ मागितले तर तीनच द्यायचा.
आधी नखावर टोक घासून बघायचा.
"मरळीला हा नको. तोंड फाडतो तिचं."

परवा शिसं संपलं.
एवढ्याशा शिशासाठी कोण थांबतंय तीन दिवस?
गेलो.
पिशवीतून डोकावणारी माझी दोरी त्यानं ओढली,
गळ उजेडात धरला,
कुठून आणला विचारलं नाही.
माझी गाठ सोडली, आपली मारली,
थुंकी लावून आवळली,
उरलेलं शेपूट दातानं तोडलं.
"गाठ कच्ची होती, मास्तर. गळ बरा आहे."

किती झाले?
"शिशाचे वीस."
आन् गाठीचे?
तो बरणीचं झाकण लावत बसला.
आटे झिजलेले, लवकर बसत नव्हतं.

घरी अजून ब्याण्णव गळ आहेत.
रोज धरणावर गेलो तरी
या जन्मात मला
दुकानात जायचं कारण पडायचं नाही.