सहा खणांचा गुत्ता

पळासनेरच्या अलीकडे, चौपदरी रस्त्याला पाठ करून
उभा आहे.
रस्ता सरकला. गुत्ता तिथेच राहिला.

नाशिकच्या पार्टीने सांगाडा विकत घेतलाय,
तिकडे नवा बार काढायचाय, जुन्या लाकडात.
मला निरोप: गुलाब मिस्तरी, सोडवायच्या आधी
एकेका नगावर नंबर टाक,
लाल ऑइलपेंटने, ठळक.

चौदा खांब. खाली काळ्या दगडाचे तळखडे,
बूड मातीला लागू दिलेलं नाही, वाळवी हात चोळत बसली असेल
शंभर वर्षं.
खांबावर हस्त, हस्तावर तुळई,
तुळईवर सर, सरांवर किलच्या,
किलच्यांवर सागाचा पाला आणि हातभर पांढरी माती.
वरचा मजला खालच्यापेक्षा दीड वीत पुढे,
कमी ऐकू येणारा माणूस बोलणाऱ्याकडे झुकतो तसा
गाडीवानांकडे झुकलेला.

प्रत्येक खण पाच हात, असं म्हणतात.
टेप लावली, तर एकही दुसऱ्याएवढा भरेना.
राखणदार खुमसिंग पावरा हसला:
टेप लोखंडाची, हात माणसाचा,
आणि तो माणूस दुपारनंतर कुठे बसत असेल, सांगा.

भिंती? त्या काहीच उचलत नाहीत.
तुराट्यांचा कूड, वर शेण आणि गारा.
मोरीपाशी लिंपण निघालंय, तिथे आतल्या काटकीला
तुरीच्या शेंगेचं टरफल अजून चिकटून आहे.
लोखंड शोधलं. एक खिळा सापडला, कॅलेंडरचा.
बाकी सगळी कूस आणि खाच, आडवी बाभळीची खुंटी.

पहिल्या तुळईवर ब्रश टेकवणार,
तर नंबर आधीच आहे.
छिन्नीची एक रेघ. तिच्या खांबावरही एक.
दुसऱ्या जोडीला दोन. पाचवीला पाखराचा पाय.
सहावीला पाय आणि एक रेघ.
म्हणजे हा सांगाडा एकदा वर डोंगरात उभा राहिला होता,
छप्पर नाही, कूड नाही, नुसता बघायला
कूस बसते का, गुण्या जुळतो का.
मग सुटा करून गाड्यांवर चढवला, घाटाखाली आणला.
डबा खाली ठेवला मी.
कुणाच्या तरी अक्षरावर अक्षर काढायचं
जिवावर आलं.

सातव्या जोडीला मात्र
खांबांवर पाय आणि दोन रेघा,
आणि तुळई मुकी.
साग नाहीच ती, अंजन आहे. खाच मोठी, कूस बारीक,
फटीत पाचर ठोकून वेळ मारून नेलेली.

ती वर आहे, खुमसिंग म्हणाला. आमच्या पाड्यावर.
ठेकेदाराने बुढ्याची अठरा दिवसांची मजुरी
बाटल्यांत द्यायला काढली.
बुढा पीत नव्हता.
चौघांनी रात्री खांद्यावर घेतली आणि घाट चढले.

रविवारी गेलो. दोन तास चढ, वाटेत एक विहीर, पाणी खाली गेलेलं.
घर लहान. तुळई मोठी.
दीड हात भिंतीबाहेर आलेली, आणि कुणी कापली नाही,
ना त्या बुढ्याने, ना त्याच्या पोराने.
बाहेरच्या टोकाशी पाखराचा पाय, दोन रेघा.
कूस धारेला अजून शाबूत.
तिला बियाण्याची मक्याची कणसं टांगली होती,
अकरा मोजली मी.

पार्टीला काय लिहून द्यायचं, ठरत नाहीये.