बाकी

भोसरीत, टी ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
भट्टीला लागून माझी काचेची खोली.
आर्गॉनचा फुसकारा, एक निळी ठिणगी,
आणि धातूच्या पोटातलं सगळं पडद्यावर, आकड्यांत.

पहिल्या आठवड्यात दस्तगीरचाचांनी
दोन पट्ट्या हातात दिल्या. "वाकवा."
पहिली नव्व्याण्णव पूर्णांक सात टक्के शुद्ध,
खाणीतून थेट आलेली, उष्टी न झालेली.
बोटांनी सांगितलं तशी वाकली आणि तशीच राहिली,
कुणाचंच मन न मोडणाऱ्या माणसासारखी.
दुसरीने माझ्या अंगठ्यावर वळ उठवला.

"ती तारेला बरी. वीज न अडवता नेते.
इंजिन तिच्या गळ्यात बांधू नका."

माझे वडील रविवार पेठेत सोनारकाम करायचे.
त्यांच्या कसोटीवर
मिसळलेलं ते हीण.
तोळ्यामागे गुंजभर तांबं जास्त निघालं
तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता बोलायचे.
मी त्यांचीच मुलगी,
आणि तांबं अर्धा टक्का कमी पडलं
म्हणून भट्टी थांबवते.

सिलिकॉन घातलं की रस पातळ होतो,
साच्याच्या बारीकसारीक बोळांत शिरतो.
मॅग्नेशियम चिमटीने.
लोखंडाचं मात्र सांभाळून:
थोडं असेल तर माल साच्याला चिकटत नाही,
फार झालं की नको तेव्हा तडकतो.
(हे वडिलांना सांगायचं राहिलं.)

आज भंगाराचा लॉट आला.
खिडक्यांच्या चौकटी, पिस्टन, एक कुकर शिट्टीसकट,
आणि मोठ्या टोपाच्या काठावर टोचलेली अक्षरं:
'मोरजाई महिला मंडळ, कासारवाडी.
नेल्यास घासून परत करणे.'
चाचांनी तो एकदा फिरवून वाचला,
हसले नाहीत. सोडला आत.
मग मळी काढली, झाऱ्याने, दुधावरची साय काढावी तशी.

नमुना आला, बिस्किटाएवढा, अजून कोमट.
ठिणगी.
सिलिकॉन दहा पूर्णांक आठ.
तांबं दोन पूर्णांक एक.
लोखंड शून्य पूर्णांक नऊ. चालेल.
मंडळाचा कुठे मागमूस नाही.

काचेवर टकटक.
"बाकी काय, मॅडम?"

ज्याच्या नावाने हा सगळा कारखाना चालतो
त्याचा आकडा आमच्या रिपोर्टात नसतोच.
सगळ्यांचं मांडून झालं
की उरलेलं त्याच्या नावावर.

"बाकी अॅल्युमिनिअम," मी म्हणते.
"ओता."