एसीचं पाणी

ऑगस्टमध्ये इथे पाण्याला तोटा नसतो.
तीन एसी, तीन नळ्या, नळ्यांखाली तीन बादल्या,
रात्रभर टपटप.
सकाळी मी ते पाणी रिकाम्या कुंड्यांत ओतते, सवयीने.
वाफ येते फक्त.
कुंडीच्या कडेला बोट लागलं तर
तव्याला लागल्यासारखा चटका.

ऑक्टोबर सरत आला की
सोहारचा वारा एका रात्रीत कूस बदलतो.
खिडक्या उघडतात, एसी बंद,
बादल्या कोरड्या,
आणि नेमकी तेव्हाच
मेथीला, मुळ्याला, अंबाडीला
एकदम तहान लागते.
दात आहेत तर चणे नाहीत, त्यातली गत.
एकदा ड्रम भरून साठवलं होतं उन्हाळ्याचं पाणी.
डास झाले. घरमालकाने फोनवर तासभर ऐकवलं.
तेव्हापासून तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
आणि मीटरकडे न बघता
नळाचं.

या वर्षी लाल भोपळा लावला,
गच्चीवर, सिमेंटच्या गोणीत.
वेल डिशच्या खांबावर चढला, भरभरून फुलला.
फळ एक नाही.
सुपारीएवढा भोपळा धरायचा, पिवळा पडायचा, गळायचा.
खालच्या मजल्यावरची झुवेना म्हणाली
(अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी)
मधमाशी इतक्या वर कशाला येईल?

मग रंगाचा जुना ब्रश घेतला.
पहाटे साडेपाच. ड्यूटीची बस सहाला.
नराचं फूल, मादीचं फूल, मधे मी.
दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते
आणि पहाटे भोपळ्यांची लग्नं लावते.
अक्षता नाहीत, अंतरपाट नाही.
सावधान मात्र म्हणते, हळूच.
नवऱ्याचं नाव मकरंद,
पण या कामात त्याचा उपयोग शून्य.
तो झोपलेला असतो.

सात लागले.
पहिल्याचे घारगे केले, गूळ जरा जास्त झाला.
दुसऱ्याचं भरीत, दह्यातलं, मोहरी फेसून.
तिसरा झुवेनाला.
तिने ताट रिकामं परत केलं नाही:
सुकवलेली काळी लिंबं, हलकी,
कानाशी हलवली की खुळखुळणारी.
घरात कोकम संपलं होतं,
आमटीत एक फोडून टाकलं.
मकरंद म्हणाला, आज आमटीला काय झालंय?
आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली.

मार्च संपता संपता मिरच्या.
पोटात चीर, चिरेत धणे-मेथी-हिंग-मीठ,
रात्रभर दह्यात,
सकाळी खजुराच्या झावळीच्या चटईवर.
आठ दिवसांचं काम इथलं ऊन तीन दिवसांत करतं.
दुसऱ्या दिवशी दुपारी
लॅबच्या काचा पिवळ्या झाल्या.
समोरची मशीद दिसेना.
मी हातातली नळी रॅकमध्ये ठेवली
आणि गच्ची आठवली.

वाळवण आणि वाळवंट
शेजारी शेजारी राहतात हे माहीत होतं.
मधली भिंत इतकी पातळ असेल
असं वाटलं नव्हतं.

धुवाव्यात तर मसाला जातो.
एकेक मिरची ब्रशने झाडली, त्याच,
लग्नं लावणाऱ्या.
तळल्या. दहीभात कालवला.
पहिला घास: कच्च.
मकरंदने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
मग दोघंही चावत राहिलो, सावकाश,
खडा लागलेल्या भातासारखं,
जो केलेला असतो आपणच.
झुवेनालाही वाटीभर दिल्या, सगळं सांगून.
ती म्हणाली, आमच्याकडे मासळीतही असते.

मेमध्ये वेल ओढून काढला.
मुळं गोणीतून बाहेर येईनात,
शेवटी गोणीच फाडली.
बिया धुतल्या, वाळवल्या, राखेत घोळवून
नमुन्याच्या बाटलीत भरल्या.
हात आपोआप लेबलकडे गेला.
नाव: भोपळा.
तारीख लिहिली.
वयाच्या रकान्यापाशी थांबले.

सातवा भोपळा पलंगाखाली आहे अजून.
बाहेर टपटप सुरू झाली.
बादली भरलीय.
त्या पाण्याने
फरशी पुसून घेते.