कांदाचाळ, अर्ज क्रमांक ११४ ते १२४

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
माझं काम एवढंच : फोटो उघडायचा,
माणूस आणि चाळ जुळते का बघायचं,
पात्र, अपात्र, नाहीतर त्रुटी.
शेवटच्या रकान्यात शेरा.
अकरा महिन्यांचं कंत्राट.

पहिल्या दिवशी सुर्वेबाई म्हणाल्या,
कांदाचाळ अनुदान तुझ्याकडे.
मी काळाचौकीच्या चाळीत जन्मलेली,
मला वाटलं चेष्टा करतायत.
मग पाहिली. जमिनीपासून दीड फूट उचललेली,
बांबूच्या पट्ट्या, पट्ट्यांत बोटभर फट,
दोन्ही अंगांनी वारा.
आमच्या खोलीला एक खिडकी, तीही जिन्यात उघडते.
आईला सांगितलं तर म्हणाली,
कोंडला की कांदा सडतो गं,
आणि कुकर लावायला उठली.

फोटोतले सगळे एकसारखे उभे.
हात मांड्यांना चिकटलेले, टोपी सरळ केलेली,
बाजूला खिळ्याला पाटी : नाव, गट नंबर, किती टन.
कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ.
कुणी हसत नाही.
हसलं तर पैसे कापतात
असं कुणी सांगितलंय का त्यांना?
कौतिकबाई दामू शेवाळे यांची पाटी तेवढी उलटी टांगलेली.
मी मान वाकडी करून वाचली.
पात्र.

मंगळवारी कुत्रा सापडला.
तांबडा, एक कान दुमडलेला,
एकशे चौदाच्या चाळीखाली सावलीत.
एकशे पंधराच्याही.
एकशे एकोणीसला तर लाभार्थ्याच्या पुढ्यात,
कॅमेऱ्याकडे बघत, तो एकटाच खुशीत.
अकरा अर्ज, अकरा गट नंबर, कुत्रा एक.
सुर्वेबाईंनी चष्मा कपाळावर नेला :
एकच चाळ अकरा वेळा दाखवलीय. फेटाळ सगळे.

मी जेवायच्या सुट्टीत पट्ट्या मोजल्या.
एका चाळीला एकतीस, दुसरीला अठ्ठावीस.
एकीवर पत्रा, एकीवर कौलं,
एकीच्या वाशाला बाळाचं झबलं वाळत घातलेलं.
मग फोन लावला.
एकशे एकोणीस, भिकन तोताराम निकुंभ.
बाईनं उचलला. मागे बकरी ओरडत होती.

"कुत्रा? त्यो आमचा न्हाई, ताई.
त्यो कृषी सहायकाच्या गाडीमागं पळतो.
साहेब बिस्किट देत्यात ना त्याला."
जरा थांबून,
"त्याच्यापायी अडलंय का?"

नाही, मी म्हटलं. खोटंच.

शनिवारी आमच्याकडे पुनर्विकासवाले आले.
बाबा दारापुढे उभे राहिले,
हात मांड्यांना चिकटवून,
छातीशी खोली नंबर एकवीसची पाटी.
मी म्हटलं, बाबा, हसा की जरा.
सर्व्हेवाला पोरगा म्हणाला, काका, हलू नका.
तेवढ्यात जिन्यातली मांजर आली
आणि त्यांच्या पायाशी बसली, नेहमीसारखी.
मी तिला उचलून मोरीत कोंडलं.
काय सांगावं,
वीस नंबरच्या फोटोत ती आधीच बसलेली असेल.

सोमवारी अकराही अर्जांवर एकच शेरा टाकला :
चाळी वेगळ्या. कुत्रा फिरता.

सुर्वेबाईंची सही अजून व्हायची आहे.