साल

बत्तीस स्लाइड्स होत्या ओतिलियाकडे.
पोर्तोच्या स्वस्त हॉटेलात, रात्री दीड वाजता,
तिने आधी तक्ते पुसले,
मग बाण,
मग त्या रंगीत, भाकरीसारख्या गोल टक्केवाऱ्या,
ज्यांचा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला येतो
आणि पोट कुणाचंच भरत नाही.

लिस्बनच्या सल्लागाराने बजावलं होतं, तासाला साठ युरो घेऊन:
आधी संकट दाखवा, मग खलनायक, मग तुम्ही.
खलनायक म्हणजे प्लास्टिकचं बूच.
लाल उजेडात उभं केलेला त्याचा फोटोही त्यानेच दिला.
बिचारं बूच, पोलिसांनी पकडून आणल्यासारखं.
तिला हसूच आलं. तेही पुसलं.

उरलं एक झाड.
कोरूशच्या माळावरचा ओक,
यंदाच्या उन्हाळ्यात सोललेला,
बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत उघडा,
ओल्या विटेच्या रंगाचा,
आणि त्यावर पांढऱ्या रंगात, हाताने काढलेला
पाचाचा आकडा.
कडेला बापाचा हात होता, ब्रश धरलेला,
दोन बोटं कुऱ्हाडीने कधीच नेलेला.
तो हात तिने कातरला.
विकायच्या खोलीत कीव आली की भाव पडतो,
हे शिकायला तिला सल्लागार लागला नव्हता.

सकाळी दहा. चौथा मजला. वाइन कंपनीचे पाच जण.
तिने दिवे मालवले, झाड लावलं
आणि गप्प राहिली.
कुणीतरी मोबाइल पालथा ठेवला.
कुणीतरी चष्मा पुसला.
मग एकीने विचारलं, पाच कशाचा?

सालाचा.
आपल्याकडे साल म्हणजे वर्ष,
आणि साल म्हणजे झाडाची कातडीही.
तिच्या भाषेत हे दोन निराळे शब्द आहेत,
पण त्या अंधारात, भिंतभर उघड्या खोडासमोर,
तिथेही ते घटकाभर एक झाले.
"पंचवीस साली सोललं," ती म्हणाली.
"आता चौतीसपर्यंत याला कुणी हात लावणार नाही.
तुमच्या बाटलीत बसतं ते बूच नव्हे,
नऊ वर्षं कुणीतरी थांबलेलं असतं."

आणि आकडा कुणी काढला?
टोकाच्या खुर्चीवरचा म्हातारा.
हा प्रश्न तिच्या तयारीत नव्हता.
ती अडखळली, फाइलींत शोधत राहिली, तिची धांदल पडद्यावर सगळ्यांना दिसली,
मग मूळ फोटो उघडला.
हात आला.
कुणी हळहळलं नाही.
म्हाताऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं, बस्स.

मागितलं त्याच्या निम्मी ऑर्डर मिळाली.
हातामुळे मिळाली, की हातामुळे निम्मी झाली,
परतीच्या बसमध्ये तिने दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहिला.

फोनवर बेल्मिरोने पैशांचं नंतर विचारलं.
आधी म्हणाला,
झाड केवढं दिसलं?
भिंतभर.
मग पाचाचं पोट वाकडं आलंय, तेही दिसलं असेल.
दिसलं.
तो जरा वेळ बोलला नाही.
"पुढच्या खेपेला नीट काढतो,"
म्हणाला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बेल्मिरो.